भाजलेले बी आणि जिवंत बी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'संगणक आणि आपले मंडळ' ह्या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. संगणकशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. तथापि आमच्या शाळेत पहिला संगणक आला, तेव्हा त्याच्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकांनी माझ्या हाती दिली. तेव्हापासून जो नाद लागला, तो सेवानिवृत्तीनंतरही सुटलेला नाही. माझा दुसरा नाद कॉफीचा. चहाच्या घरात जन्मूनही मी कॉफीच्या नादी लागलो, ह्याबद्दल घरच्यांनी मला अद्याप क्षमा केलेली नाही. आजचे भाषण म्हणजे ह्या दोन नादांचे मिश्रण आहे. त्यात चिकोरी किती, हे आपणच ठरवावे.

प्रथम कॉफीची एक आख्यायिका सांगतो. कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. परंतु तिची लागवड आणि व्यापार वाढला तो येमेनमध्ये. मोखा नावाच्या तिथल्या बंदरातून ती जगभर जाई. परंतु बी परदेशी उगवले तर आपला व्यापार बुडेल, ह्या भीतीने ते भाजून अथवा उकळूनच बाहेर पाठवीत, असे सांगतात. भाजलेल्या बियांची कॉफी करता येते, पण त्या पेरल्या तर उगवत नाहीत. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे एक सूफी साधुपुरुष हजयात्रेहून परतताना सात जिवंत बिया घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रगिरीवर त्यांनी त्या पेरल्या. त्या डोंगररांगेला आज त्यांचेच नाव आहे. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस डच व्यापाऱ्यांनी मलबार किनाऱ्यावरून कॉफी जावा बेटात नेली. सात बियांची गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म खरे आहे. भाजलेले बी विकणारा तुम्हांला गिऱ्हाईक करून ठेवतो, आणि जिवंत बी देणारा तुम्हांला शेतकरी करतो.

आता आपण म्हणाल, ह्याचा संगणकाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. १९९१ साली इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे एकच भांडे होते. जिने चढून जावे आणि भांडे रिकामे सापडावे, ह्या त्रासाला कंटाळून तिथल्या संशोधकांनी त्या भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचे चित्र प्रत्येकाच्या संगणकावर दिसेल अशी योजना केली. १९९३ साली ते चित्र साऱ्या जगाला इंटरनेटवर दिसू लागले. आज घरोघरी जे वेबकॅम दिसतात, त्यांचा आद्य पूर्वज तो कॉफीवरचा पहारेकरी होय. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकभाषेचे नाव 'जावा' ठेवले गेले ते कॉफीवरूनच. तिच्या बोधचिन्हात वाफाळता पेला आहे. चंद्रगिरीचा हा वारसा असा कोठल्या कोठे गेला, पाहा!

असो. मुख्य विषयाकडे वळतो. सॉफ्टवेअर म्हणजे काय? संगणकाने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, हे सांगणारी आज्ञावली. आपल्या भगिनींना समजेल अशा शब्दांत सांगायचे, तर ती एक पाककृती आहे. ही पाककृती मनुष्याला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली असते. तिला सोर्स कोड म्हणतात. त्यानंतर ती यंत्रालाच कळेल अशा आकड्यांत रूपांतरित करतात. बाजारात आपण बहुधा हे दुसरे रूप विकत घेतो. ते चालविता येते. परंतु उघडून वाचता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, शेजाऱ्याला देता येत नाही. हेच ते भाजलेले बी.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी ह्या प्रख्यात संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत होता. तिथल्या जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की सर्वांना आपोआप सूचना जाईल, अशी सुधारणा त्याने त्या यंत्राच्या आज्ञावलीत केली होती. पुढे नवे यंत्र आले. तेही अडकेच, परंतु त्याचा सोर्स कोड त्याला मिळेना. ज्याच्यापाशी तो होता, त्याने 'गुप्तता राखीन' असा करार केला असल्याने देण्यास नकार दिला. एका अडकलेल्या कागदातून केवढे प्रकरण उभे राहिले! २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमनने 'ग्नू' नावाचा संकल्प जाहीर केला. आज्ञावली हवी तशी चालविण्याचे, तिचा अभ्यास करून ती बदलण्याचे, तिच्या प्रती इतरांना देण्याचे आणि आपण केलेली सुधारणाही वाटण्याचे, अशी चार स्वातंत्र्ये प्रत्येकाला असावीत, असे त्याचे म्हणणे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने 'लिनक्स' लिहावयास घेतले आणि ह्या प्रयत्नाला मोठेच बळ मिळाले. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो अँड्रॉइड मोबाईल आहे, त्याच्या गाभ्यात लिनक्सच आहे. जिवंत बी किती दूरवर रुजते, त्याचा हा पुरावा.

इथे एक खुलासा करणे अवश्य आहे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. इंग्रजीत दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे ह्या चळवळीच्या लोकांना आरंभापासून खुलासे करीत बसावे लागले. आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, तेव्हा आपण तरी घोटाळा करू नये. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊनही विकता येते; आणि उलट, जे फुकट मिळते ते पुष्कळदा मुक्त नसते. तसेच, कोणी दुसऱ्याच्या विक्रीच्या आज्ञावलीची चोरून प्रत केली, तर त्याने ती मुक्त होत नाही. चोरून आणले तरी भाजलेले बी ते भाजलेलेच. शिवाय चोरीचा दोष पदरी पडतो तो निराळाच. मी स्वतः तीस वर्षे मुलांना 'कॉपी करू नका' असे सांगत आलो. संगणकापुढे बसल्यावर तो धडा विसरण्याचे कारण नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभा आहे, ती सांगतो. ती सांगताना मला संकोच होतो, कारण दोष माझा आहे.

आपल्या मंडळापाशी कुटुंबनोंदीच्या जाड वह्या होत्या, हे ज्येष्ठांना स्मरत असेल. सुमारे वीस वर्षांपूर्वी त्यांना वाळवी लागली. त्या नोंदी संगणकावर उतराव्यात अशी सूचना मीच मांडली आणि त्यासाठी एका व्यावसायिकाची तयार आज्ञावलीही मीच पसंत केली. दोन हिवाळे चार भगिनी आणि दोन विद्यार्थी टंकलेखन करीत होते. आपल्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ दर रविवारी येऊन बसत. कोणते कुटुंब कोणत्या गावाहून कोणत्या दुष्काळात निघाले, कोणाची मुलगी कोठे दिली, कोणत्या शाखेचे नाव का बदलले, हे सर्व त्यांना मुखोद्गत होते. ते सांगत आणि आम्ही 'विशेष माहिती' ह्या रकान्यात उतरवून घेत असू. काम पूर्ण झाले. वाळवीने खाल्लेल्या वह्या आता कशाला ठेवायच्या, म्हणून त्या काढून टाकण्यात आल्या. त्या ठरावाला अनुमोदन माझे होते.

पाच-सहा वर्षांनी तो संगणक बंद पडला. नोंदींची राखीव प्रत आमच्यापाशी होती, म्हणून मी निश्चिंत होतो. परंतु ती आज्ञावली नव्या संगणकावर चालविण्यासाठी विक्रेत्याकडून परवान्याचा नवा आकडा घ्यावा लागे, आणि विक्रेत्याने दुकान केव्हाच बंद केले होते. दुसऱ्या मार्गाने ती फाइल उघडू गेलो, तर आपल्या कुटुंबांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी दिसू लागली. कारण, तिच्यातील मराठी अक्षरे जगन्मान्य संकेताप्रमाणे नव्हती; त्या विक्रेत्याने आपल्यापुरता निराळाच संकेत योजला होता. वस्तुतः देवनागरीचा समावेश युनिकोड ह्या सर्वमान्य संकेतात १९९१ सालीच झालेला होता. एवढे एक विचारून मी खरेदी केली असती, तर पुढचा अनर्थ टळता. तोवर ते वयोवृद्ध गृहस्थही निवर्तले होते.

नावे आणि गावे आपल्याला परत मिळाली, ती कोठून? आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिकांतून! शाईने कागदावर छापलेले ते अंक उघडावयास कोणाच्या परवान्याची गरज पडली नाही. परंतु 'विशेष माहिती'चा रकाना स्मरणिकेत कधी छापलाच नव्हता. तो कायमचा गेला. ती फाइल आजही माझ्या कपाटात आहे. त्या गृहस्थांचे शब्द तिच्यात आहेत, आणि ते मला वाचता येत नाहीत.

बंधुभगिनींनो, हे केवळ आपल्याच वाट्याला आले असे नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून त्यांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तके दूर बसून काढून घेतली. त्यांत जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' ह्या कादंबरीच्या प्रती होत्या, हा दैवाचा विनोद. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी क्षमा मागितली. पण कपाटातले पुस्तक दुकानदार रात्री येऊन नेऊ शकतो, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

कॉफीचेही तसेच. अमेरिकेत क्युरिग नावाच्या कंपनीची कॉफीयंत्रे घरोघरी असतात. पुडीवजा छोटा डबा यंत्रात घातला की पेला तयार होतो. २०१४ साली कंपनीने नवे यंत्र आणले. डब्याच्या झाकणावरची विशिष्ट शाई ओळखल्याखेरीज ते कॉफीच करीना. अन्य कंपन्यांचे डबे त्याने नाकारले. आपली स्वतःची पूड भरण्याचे जे पात्र जुन्या यंत्रांत चाले, तेही निकामी झाले. लोकांनी मान्यताप्राप्त डब्याचे झाकण कापून दुसऱ्या डब्यावर चिकटविले आणि यंत्राला फसविले. खप घटला, आणि मे २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुखांना चूक कबूल करून ते पात्र परत आणण्याचे जाहीर करावे लागले. विचार करा: यंत्र आपले, पाणी आपले, वीज आपली, पण कोणती कॉफी प्यावी, हे ठरविणार तिसराच! डिजिटल हक्क हा शब्द अवजड वाटतो. परंतु त्याचा अर्थ एवढाच की, विकत घेतलेल्या वस्तूवर घेणाऱ्याची सत्ता असावी.

आपल्या देशात कायदा अगदीच मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ आज्ञावलीच्या कायदेशीर धारकाला ती नष्ट होण्याच्या भयापासून वाचविण्यासाठी राखीव प्रत करण्याची मुभा देते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. माहिती कशासाठी घेत आहोत ते सांगावे, संमती घ्यावी, आणि दिलेली संमती मागे घेण्याची सोय असावी, ही तत्त्वे त्यात आहेत.

हे सर्व मी आज का सांगतो? कार्यकारी मंडळापुढे एक प्रस्ताव आला आहे. एक व्यावसायिक आपल्या वधूवर विभागाचे आणि कुटुंबनोंदीचे सर्व काम आपल्या मोबाईल ॲपवर फुकट करून देण्यास तयार आहे. फुकट! मी त्याच्या अटी वाचल्या. दिलेली माहिती अन्य व्यावसायिकांना देण्याचा अधिकार तो राखून ठेवतो, आणि आपल्या नोंदी परत कोणत्या स्वरूपात मिळतील, ह्याविषयी त्यात अक्षर नाही. आपल्या मुलींची जन्मतारीख, शिक्षण, पगार, छायाचित्र आणि वडिलांचा दूरध्वनी क्रमांक असा हा ऐवज आहे. कोणी अनोळखी मनुष्य दारात येऊन एवढी माहिती मागू लागला, तर आपण त्याला उंबऱ्याबाहेरच उभे करू. आणि केवळ त्याच्याकडे दोष दाखविणे न्यायाचे होणार नाही. वधूवरांची परिचयपत्रे व्हॉट्सॲपवर बेधडक पुढे धाडणारे आपणच आहोत. त्या मुलीला कोणी विचारले होते काय?

कॉफी आणि चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापावे, असा आपल्याकडे नियम आहे. दहा रुपयांच्या पुडीवर तिच्यात काय आहे हे छापावे लागते. मग ज्याच्या हाती साऱ्या ज्ञातीची माहिती द्यावयाची, त्याला आत काय आहे, असे विचारण्यात संकोच कसला?

मागील बैठकीत आपल्यातील एका व्यवहारचतुर मित्राने मला म्हटले, "गुरुजी, आम्हांला कॉफी प्यायची आहे, मळा लावायचा नाही." त्यांचे म्हणणे मला उमगते. प्रत्येकाला सोर्स कोड वाचता येणार नाही. मलाही तो फारसा येत नाही. मुक्त सॉफ्टवेअर घेतले तर बिघडल्यावर हक्काने कोणाला बोलवावे, हाही प्रश्न आहेच, आणि कित्येकदा ते शिकताना डोके दुखते. परंतु सर्वांनी मळा लावावा असे मी कुठे म्हणतो? गावात एकाला तरी तो लावता आला पाहिजे, एवढेच मागणे आहे. एक विक्रेता गेला तर दुसरा ती फाइल उघडू शकेल, आपलीच एखादी शिकलेली मुलगी ती दुरुस्त करू शकेल, एवढे दार उघडे असावे. केरळ राज्याने आपल्या शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर आणले आणि तिथली मुले त्यावरच संगणक शिकली. जे शाळकरी मुलांना जमले, ते आपल्याला जमू नये काय?

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, मंडळाच्या सर्व नोंदी युनिकोड मराठीत, कोणत्याही संगणकावर उघडेल अशा खुल्या स्वरूपात ठेवाव्यात. त्यासाठी लिब्रेऑफिससारखी मुक्त आज्ञावली पुरेशी आहे. नोंदींच्या तीन प्रती तीन ठिकाणी असाव्यात आणि दरवर्षी ह्या संमेलनापूर्वी प्रत्येक प्रत उघडून पाहावी. राखीव प्रत ठेवणे पुरेसे नाही, ती उघडते की नाही हे पाहिले पाहिजे. दुसरी, वधूवरांची माहिती त्या त्या मुलामुलीच्या स्वतःच्या लेखी संमतीनेच घ्यावी, आणि विवाह ठरताच ती काढून टाकावी. तिसरी, कुटुंबांच्या नोंदी दर पाच वर्षांनी स्मरणिकेच्या पुरवणीत कागदावर छापाव्यात. त्यात जन्मतारखा, पगार, दूरध्वनी काही नको. नाव, गाव आणि 'विशेष माहिती' मात्र अवश्य असावी. हे तिन्ही मान्य करणारा कोणीही व्यावसायिक आला, आणि त्याने मोबदला मागितला, तरी तो आनंदाने द्यावा. कामाचे दाम देण्यात कमीपणा नाही.

ती 'विशेष माहिती' आता पुन्हा गोळा करावी लागणार. आपल्या घरात ऐंशीच्या पुढची जी माणसे आहेत, त्यांच्यापाशी अजून काही शिल्लक आहे. त्यांना बोलते करा. येत्या रविवारपासून रोज नव्हे, पण दर रविवारी सकाळी दहा वाजता मी मंडळाच्या सभागृहात संगणक घेऊन बसणार आहे. आजोबा-आजींना घेऊन यावे. ज्यांना जिना चढवत नाही, त्यांच्या घरी मी येईन. टंकलेखनासाठी दोन-चार तरुण हात मिळाले तर काम लवकर होईल.

कॉफीची व्यवस्था माझ्याकडे. चिकमगळूरच्या बिया आदल्या दिवशी भाजून, सकाळी दळून, पितळी फिल्टरमध्ये सावकाश उतरविलेली, आणि आपल्या घरच्या रीतीप्रमाणे वर किंचित जायफळ किसलेली. कृती ज्याला हवी त्याला लिहून देईन. तीत गुप्त असे काही नाही.